नाना, तुम्ही कंदील सोडला नाहीत

नाना, तुमचा कंदील अजून गोठ्यात खुंटीवरच आहे. काच पुसलेली, वात कातरलेली, तळाशी बोटभर रॉकेल. काकू म्हणाली, दोन वर्षं वापरला नाही, पण पुसायचे मात्र दर आठवड्याला. मी त्याच्याकडं बघायचं टाळते आणि गोठ्यात शिरलं की पहिला तोच दिसतो.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. पेपरात चार ओळी आल्या होत्या. शेंद्र्याच्या पुढच्या गावात गोबरगॅसच्या खड्ड्यात गुदमरून शेतकऱ्याचा मृत्यू, खड्ड्यातल्या विषारी वायूमुळं, वगैरे. तुमचं वयही चुकीचं छापलं होतं, तुम्ही भांडला असतात. त्या चार ओळींत माझं नाव नव्हतं. मी दोन-दोनदा वाचून ते नाही याची खात्री करून घेतली. सख्खा चुलता गेला आणि पुतणी पेपरात आपलं नाव तर नाही ना ते बघतेय. अशी मी, नाना. लपवून काय करू, तुमच्यापासून कधी काही लपलंय?

मी आठ वर्षांची असताना खालच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायचा होता. भर उन्हात तुम्ही पेटवलेला कंदील घेऊन निघालात, तर मला हसू आवरेना. म्हटलं, नाना, ऊन दिसत नाही का तुम्हाला? तुम्ही रागावला नाहीत. कंदिलाला दोर बांधला, हळूहळू खाली सोडला आणि मला काठावर पालथं झोपवून, पाय धरून, बघायला लावलं. म्हणालात, "खाली दम हाय का नाय, ते आधी त्याला इचारायचं. तो विझला तर आपण बी विझतो." आणि तो विझला. अर्ध्या विहिरीच्याही खाली गेला नसेल. तुम्ही आणि तुमच्याबरोबरचे तिघं जण मुकाट्यानं फावडी उचलून घरी आलात. कुणी म्हणालं नाही की जरा उतरून तर बघू. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या फांद्या दोराला बांधून तासभर खालीवर केल्या, पुन्हा कंदील सोडला, तो तेवत राहिला, मग उतरलात.

तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलेलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारी माणसं, नव्या गावात नव्या विहिरीशी गाठ पडायची, त्यांना हे ठाऊक असायलाच हवं होतं. इतक्या पिढ्या टिकलेली गोष्ट मी एका वाक्यात मोडली.

तुम्हीच मला शिकायला शहरात पाठवलंत. माझ्या बापाला वाटत होतं दहावी पुष्कळ झाली. तुम्ही एसटीनं दर शनिवारी वसतिगृहावर दुधाची बरणी घेऊन यायचात, आणि रखवालदाराशी तुमची अशी दोस्ती की तो तुम्हाला खुर्ची द्यायचा. पुढं मी एका संस्थेत लागले. गावोगाव जाऊन शेण, चारा, गोबरगॅस यांवर सभा घ्यायच्या, तक्ते करायचे, ही नोकरी. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, आमची शैली गॅसवर शिकलीय. लोकांना वाटायचं मी सिलेंडरच्या एजन्सीत आहे.

तो तक्ता आठवतो का? नवा छापून आला म्हणून मी हौसेनं घरी आणला आणि अंगणात बाजेवर पसरला. जगातल्या आठ देशांची आठ वर्तुळं. प्रत्येक देशाच्या मिथेनमधला शेतीचा हिस्सा किती, तेवढा भाग हिरवा. तुम्ही चष्मा लावून वाकलात. आधी विचारलंत, मिथेन म्हंजी काय ते सोपं करून सांग. मी सांगितलं, जनावर रवंथ करतं, ढेकर देतं, त्यातनं निघतो. भाताच्या तुंबलेल्या पाण्यातनं निघतो. खाणीतनं, तेलाच्या विहिरीतनं, कचऱ्याच्या ढिगातनंही निघतो, आणि वर जाऊन हवा तापवतो. आणि आपल्या खड्ड्यात शेणातनं निघतो, त्यावर काकूचा चहा होतो. तुम्ही लगेच गोठ्याकडं तोंड करून ओरडलात, "बेगम, ढेकर देऊ नको गं, शैली लिहून घेती." ती म्हैस खरंच थांबून बघायला लागली. काकू हसून हसून खाली बसली.

एक वर्तुळ जवळजवळ सगळंच हिरवं होतं. मी म्हटलं, हा लांब दक्षिणेकडचा देश, तिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तुमचा चेहरा उजळला. म्हणजे आपलेच लोक की, म्हणालात. तिथं कसली मेंढरं, दख्खनी का दुसरी, लोकर किती, हेच अर्धा तास. मग वाळवंटातला तेलाचा देश, त्यात हिरवी नुसती चिरी. एका देशात कोळशाच्या खाणींचा भाग मोठा. आणि आपलं वर्तुळ, अर्ध्याहून जास्त हिरवं.

तिथं तुमचं बिनसलं. आमच्या म्हशी काय गुन्हेगार आहेत का, विचारलंत. मी म्हटलं, तसं कोण म्हणतंय, हा नुसता हिस्सा आहे. तुम्ही पुन्हा वाकलात, बोटानं एकेक वर्तुळ चाचपलंत आणि जे विचारलंत ते आमच्या ऑफिसात एकालाही सुचलं नव्हतं. सगळी वर्तुळं सारख्याच मापाची कशी? तो तेलाचा देश आणि आपण सारखेच? तुम्ही म्हणालात, आमची वाटणी झाली तेव्हा मला अर्धं रान मिळालं आणि सोयगावच्या पाहुण्याला त्यांच्या घरच्या वाटणीत चौथाई. पण माझं अर्धं दोन एकरातलं, त्याची चौथाई चाळीस एकरातली. आता जास्त रान कुणाकडं, सांग. हिस्सा लिहिला, पण कशातला हिस्सा ते कुठं लिहिलंय? त्या तेलवाल्याची हिरवी चिरी बारीक दिसती ती त्याची जनावरं गुणाची म्हणून का, बाकीचा धूर लई म्हणून?

मी चिडले. एवढी शिकलेली मी, आणि चौथी पास माणूस माझी चूक काढतोय. म्हटलं, नाना, तक्त्यावर सगळं मावत नसतं. लोकांना एका वेळी एकच गोष्ट सांगायची असते, नाहीतर डोक्यावरून जातं. तेव्हा तुम्ही चष्मा काढून जे म्हणालात ते मला आता झोपू देत नाही.

"तू खोटं नाय सांगत, शैले. पण अर्धं सांगती."

मी तक्ता गुंडाळला आणि जेवायला न थांबता निघून गेले. पुढं भेटलो, बोललो, पण तो विषय आपण दोघांनीही काढला नाही. तक्त्याखाली एक ओळ टाकायची होती, वर्तुळं सारखी काढली असली तरी देशांचे आकडे सारखे नाहीत. मी टाकली नाही. तुमचं बरोबर होतं म्हणूनच टाकली नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी घरी आले, तर तुम्ही गोबरगॅसची लोखंडी टाकी उचलून बाजूला ठेवलेली. तळाशी गाळ घट्ट बसला होता, गॅस कमी यायला लागला होता. टाकी काढली की खाली विहिरीसारखाच खड्डा. आणि तुम्ही दोराला कंदील बांधताय. नाना, मी चपला टाकून पळाले. काय ओरडले ते आठवत नाही. तो गॅस पेट घेतो, भडका उडेल, सगळे मराल, असलंच काहीतरी. तुमच्या हातातनं काडेपेटी हिसकावली. हे माझं बरोबर होतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगीन.

पण तुम्ही विचारलंत, मग खाली दम हाय का नाय ते कळायचं कसं?

आणि मी काय म्हणाले? मी अजून धापा टाकत होते, डोक्यात सभेचं भाषण तयारच होतं. म्हटलं, मिथेन हवेपेक्षा हलका असतो, टाकी काढून दिवसभर उघडं ठेवा, आपोआप वर उडून जातो. तुम्ही मान हलवलीत. शाळेतल्या पोरानं हलवावी तशी. कंदील गोठ्यात नेऊन टांगलात आणि खड्डा दुसऱ्या दिवसावर ढकललात. त्या वर्षी काही झालं नाही. का झालं नाही, देव जाणे. मला वाटलं माझ्यामुळं झालं नाही.

मिथेन उडून जातो, हे खरं आहे. पण शेणाच्या खड्ड्यात एकटा मिथेन कुठं असतो? त्याच्याबरोबर हवेपेक्षा जड वायू असतात, ते तळाशी बसून राहतात. गाळात दुसरा विषारी वायू कोंडलेला असतो, फावडं मारलं की तो नाकातोंडाशी येतो. हे मला ठाऊक होतं, नाना. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण आमच्या तक्त्यावर फक्त मिथेन होता, म्हणून माझ्या तोंडीही फक्त मिथेन आला. तुमचा कंदील काढून घेतला आणि त्याच्या जागी तुमच्या हातात अर्धं वाक्य दिलं.

या वर्षी तुम्ही टाकी काढली, खड्डा दिवसभर उघडा ठेवला, आणि सकाळी चहा पिऊन उतरलात. शेजारचा बबन वर बादली ओढायला. पहिली बादली वर आली, दुसरी आलीच नाही. बबननं हाका मारल्या आणि तो शिडीवर पाय ठेवतच होता, तेवढ्यात काकूनं मागनं त्याचा शर्ट दोन्ही हातांनी धरला. तो ओढतोय, शिव्या देतोय, शर्ट फाटला, पण तिनं सोडला नाही. खाली तिचा नवरा पडलेला आणि ती बबनला धरून उभी. तो उतरला असता तर दोन गेले असते. ही अक्कल तिला कुणी शिकवली? मी तर नाही.

तुमच्या विलासचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात नव्या तक्त्याचा हिरवा रंग जास्त गडद झालाय का ते बघत होते.

तेव्हापासून भीती. रडू नंतर आलं, आधी भीतीच आली. तिरडी बांधताना वाटलं, आता कुणीतरी विचारणार, हा माणूस दर वेळी कंदील सोडायचा, या वेळी कामून सोडला नाही? बबनला ठाऊक आहे का? काकूला? त्या दिवशी मी काडेपेटी हिसकावली तेव्हा अंगणात कोण कोण होतं, हे मी बोटांवर मोजत होते. काकू मला गळ्याशी धरून रडली, तर मी काठीसारखी ताठ. लोक म्हणाले, पोरगी धक्क्यानं दगड झालीय. मी घाबरले होते, दुसरं काही नाही. तिच्या मायेचीच मला भीती वाटत होती.

आणि शहरात परत आल्यावर दुसरी भीती. मी हे वाक्य कुठं कुठं बोललेय? किती गावांत? सोयगावकडच्या एका सभेत पुढंच बसलेल्या एका बाईनं ते वहीत उतरवून घेतलं होतं, अक्षर सुरेख होतं, मी कौतुक केलं होतं. फोन वाजला की वाटतं तिचाच. घरात गॅसचा लायटर दाबताना हात थांबतो. तक्त्यावरच्या त्या हिरव्या तुकड्यांत कुणाच्या अंगणात खड्डा आहे आणि त्यात कोण उतरतंय, हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं. आता दुसरं काही येत नाही.

दहाव्याला घाटावरून परतताना विलास म्हणाला, तेरावा उरकला की रविवारी कंपनीला सुट्टी आहे, खड्ड्याचं राहिलेलं काम करून टाकतो. खड्डा असा उघडा किती दिवस ठेवायचा, आईची शेगडीही बंद पडलीय. मी म्हटलं, अरे, नको. तो म्हणाला, "ताई, आता किती दिवस उघडाच हाय. सगळा गॅस कवाच उडून गेला आसंल."

माझं वाक्य, नाना. तुमच्याकडून त्याच्याकडं गेलं की वाऱ्यानं गेलं, मला ठाऊक नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. माणसं होती, भटजी होते, माझा बाप होता. मी नुसतं म्हटलं, बघू. बघू! तुमचा मुलगा त्याच खड्ड्यात उतरायचं म्हणतोय आणि मी बघू म्हणतेय.

तेराव्याच्या आदल्या दिवशी गुलमंडीच्या बाजारात काकूसाठी दुखवट्याचं पातळ घ्यायला गेले. दुकानदार एकेक घडी उलगडत होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. विलास, तो गॅस वेगळा असतो. विलास, मी तज्ज्ञ आहे म्हणून सांगते. विलास, सरकारी नियम आहे. माझं नाव न येता त्याला थांबवता येईल अशी वाट शोधत होते. दुकानदारानं दोनदा विचारलं, ताई, रंग कोणता, आणि मी म्हटलं, उतरूच नका. तो बघतच राहिला.

तेराव्यालाही बोलले नाही. पंगती उठल्या, पाहुणे गेले, मीही गेले. शनिवारी विलासला फोन लावला आणि कामाचं दुसरंच बोलले. शेवटी काल रविवारी सकाळी पहिली गाडी पकडली. वाटेत प्रत्येक थांब्यावर ती बस इतकी रेंगाळली की मी कंडक्टरशी भांडले. फाट्यावरून पळत आले, या वयात. अंगणात आले तर विलासच्या कमरेला दोर बांधलेला, दुसरं टोक बबनच्या हातात, आणि शिडी खड्ड्यात सोडलेली.

मी शिडी वर ओढली. जड होती, अर्धीच आली, मग तिच्यावरच बसले. विलास म्हणाला, ताई, काय चाललंय? आणि मग मी सांगितलं. तज्ज्ञ म्हणून नाही, नियम म्हणून नाही. म्हटलं, नाना कंदील सोडणार होते, मी सोडू दिला नाही, ते बरोबर केलं. पण दिवसभर उघडं ठेवलं की भागतं असं मी सांगितलं, ते अर्धं होतं. खाली जड वायू बसतो, तो उडत नाही, महिनाभर उघडं ठेवलं तरी फावडं मारलं की गाळातनं नवा निघतो. त्याला वास येतो आणि मग वासही कळेनासा होतो. दोर बांधून उतरायचं नाही, तोंडाला फडकं बांधून उतरायचं नाही, एकाला काढायला दुसऱ्यानं तर नाहीच नाही. या खड्ड्यात माणसानं उतरायचंच नसतं. पाणी सोडून गाळ पातळ करायचा आणि वरूनच पंपानं ओढायचा. आमच्याच संस्थेकडं पंप आहे, विलास. दोन वर्षांपासून आहे.

विलासनं ऐकून घेतलं. कमरेचा दोर सोडायला त्याला खूप वेळ लागला, गाठ घट्ट बसली होती. मग दोर माझ्या पायाशी टाकला आणि गोठ्यात निघून गेला. अजून माझ्याशी बोललेला नाही. बोलला नाही तरी चालेल. जिवंत आहे. बबन खड्ड्यापासून दोन पावलं मागं सरकला.

काकू ओट्यावर बसली होती, गुलमंडीचं ते पातळ नेसून. मी तिच्याकडं बघू शकत नव्हते. मला वाटलं, आता ती म्हणेल, ऊठ आणि चालती हो. मी मनात चपला शोधायला लागले होते.

ती उठली, माझ्याजवळ येऊन शिडीच्या दुसऱ्या टोकावर बसली. म्हणाली, "मला ठावं व्हतं, शैले."

मी म्हटलं, कधीपासून?

"ते उतरले त्याच दिवशी सकाळी. मी म्हनले, कंदील सोडा, माझा जीव राहत नाय. तर हसले. म्हनले, कंदील नगं, शैलीनं सांगितलंय, मी बिनघोर उतरतो."

पंधरा दिवस तिनं हे पोटात ठेवलं, नाना. माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हाही तिला ठाऊक होतं. लोकांनी विचारलं तेव्हाही ती काही बोलली नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, त्या बाकीच्या गावांत कधी जाणार हायेस, उद्या का परवा?

उद्या जातेय. पहिल्यांदा सोयगावकडं, त्या वहीवाल्या बाईकडं. तक्ता बरोबर घेतलाय, त्याखाली हातानं तुमची ओळ लिहिली आहे, आणि त्याखाली आणखी एक, खड्ड्यात माणसानं उतरायचंच नाही. पंपासाठी अर्जही टाकलाय. हे सगळं सांगून मला काही बरं वाटत नाहीये, नाना. तुम्ही घाबरत उतरला असतात, शिडीवर थांबून एकदा हुंगलं असतंत, काकूचं ऐकलं असतंत, तर आज बेगमला शिव्या देत असतात. तुम्हाला भीती वाटायला हवी होती. ती मी काढून घेतली, आणि आता ती सगळी माझ्याकडं आहे.